एक्केचाळिसावं स्थळ

३ मार्च, सोमवार

लोहाऱ्यात पोचले आणि पहिल्या तासातच तीन चहा झाले. एक स्टँडवर, एक ऑफिसात, एक उमाबाईंच्या घरी. सोलापूरहून नळदुर्गपर्यंत एसटी, पुढं जीपमध्ये अर्ध्या सीटवर. पुण्याच्या कंपनीनं जानेवारीत आम्हा चौदा जणांना एकदम घरी पाठवलं, तेव्हापासून आईच्या तोंडी फक्त माझं लग्न. त्यापेक्षा लग्नं जुळवणाऱ्यांकडं नोकरी केलेली बरी.

माणिकप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, वडिलांपासून चालत आलेलं लिंगायत वधू-वर केंद्र चालवतात. तहसीलच्या मागं, एका दुकानाच्या वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत येणाऱ्यांसाठी लाकडी बाक, आतल्या खोलीत आम्ही. त्यांची बहीण उमाबाई फोनवरून दोन्हीकडच्या घरांना बोलतं करतात. मी राहणार त्यांच्याच घरात, माडीवर. जुन्या रजिस्टरांतली स्थळं माझ्या आधीच्या प्रोग्रामरनं, महांतेशनं, वेबसाइटवर चढवली आणि दिवाळीनंतर तो तडकाफडकी बंगळूरला गेला. त्याचा पसारा आवरणं हे माझं काम.

आवरणं म्हणजे टाइप लावणं, कोडमध्ये कुठल्या जागी कसली माहिती चालेल याचे नियम. मिसळणाच्या डब्यात कुठल्या वाटीत काय जाणार हे आधीच ठरवायचं. मोहरीच्या वाटीत हळद टाकायला गेलं की कोडखाली लाल रेघ येते. टाइप हा नुसता पहारा असतो, वाटी तो भरत नाही. महांतेशनं सगळीकडं 'एनी' लिहून ठेवलंय, म्हणजे काहीही येऊ दे. मला असल्या माणसांचा राग येतो.

५ मार्च, बुधवार

स्थळाचं कार्ड हा मुख्य कम्पोनंट, सगळ्या स्थळांसाठी एकच साचा. नावाला मजकूर, वयाला आकडा, फोटोच्या जागी चित्र असे टाइप लावले. दिवसभरात नव्वद लाल रेघा आल्या नि नव्वद मिटवल्या. कुणाचं वय 'अठ्ठावीस चालू' असं लिहिलेलं, कुणाच्या नावाच्या जागी फोन नंबर. मजा आली.

एकूण दोनशे अकरा कार्डं. एक्केचाळीस नंबरचं कार्ड मात्र कोरं, नुसती चौकट. कोडमध्ये महांतेशनं शेजारी लिहून ठेवलंय की एक्केचाळीसला टाइप देऊ नये. का, ते नाही. अप्पांना विचारलं. म्हणाले, वडिलांच्या रजिस्टरात ते पान कोरंच आहे, तसंच राहू दे. उमाबाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहून उठून गेल्या.

हे दोघं काहीतरी लपवताहेत. मोडलेलं लग्न असेल, कुणाची तरी झाकायची भानगड असेल. असो, एका कोऱ्या कार्डासाठी मी अख्खा कम्पोनंट 'काहीही' ठेवणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

'कोरं चालेल' हा पर्याय काढून टाकला. प्रत्येक कार्डाला नाव आणि गाव सक्तीचं. एक्केचाळीसवर लाल रेघ येणार, मग अप्पांना दाखवणार, असा बेत होता.

रेघ आलीच नाही. कार्ड उघडलं तर त्यावर नाव: नाव. गाव: गाव.

मूळ माहिती तपासली, तिथं एक्केचाळीससमोर काहीच नाही. महांतेशकडं अजून पासवर्ड असणार, बंगळूरात बसून चेष्टा करतोय. सगळे पासवर्ड बदलले.

१० मार्च, सोमवार

गाव म्हणजे कुठलाही मजकूर चालणार नाही असं केलं. तालुक्यातली आणि आसपासची गावं यादीत घातली, त्यातलंच एक हवं. वय अठराच्या वर. फोटो सक्तीचा. शिवाय अप्पांना हवं होतं म्हणून प्रत्येक स्थळाला दोनच अवस्था ठेवल्या: 'शोध चालू' किंवा 'जुळलं'. जुळलं असेल तर समोरच्या स्थळाचा नंबर सक्तीचा. मधलं काही नाही. इतकं नेटकं काम मी पुण्यातही केलं नव्हतं.

एक्केचाळीस: गाव लोहारा. वय २८. शोध चालू.

फोटोही आला. आमच्या बाहेरच्या खोलीतला बाक, रिकामा. खिडकीत माझी पाण्याची बाटली, हिरव्या झाकणाची. ती बाटली मी आज सकाळी स्टँडवर घेतली.

म्हणजे महांतेश नाही, इथलंच कुणीतरी. अप्पा दिवसभर उमरग्याला होते. राहिल्या उमाबाई. आज त्यांच्या हातचं जेवले नाही.

१२ मार्च, बुधवार

महांतेशला फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की किती गोष्टी सक्तीच्या केल्या. त्यानं दोन केल्या होत्या, तिसऱ्या दिवशी काढून टाकल्या. फोटोत कुणी बसलंय का, असंही विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. म्हणाला, "ताई, त्याला कायबी ठरवून देऊ नका. एनी करून टाका, आत्ताच्या आत्ता."

दुपारी उमाबाईंना समोर बसवलं. आधी शपथ घेऊन म्हणाल्या की फोटो त्यांनी काढला नाही, त्यांच्या फोनला कॅमेराच नाही. खरंच नाही, बटणांचा फोन आहे. मग सांगितलं. त्या लहान असताना भर दुपारी एक माणूस येऊन त्या बाकावर बसला, माझं स्थळ लिहून घ्या म्हणाला. वडिलांनी रजिस्टरचं एक्केचाळिसावं पान काढलं आणि नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाचा कोण विचारलं. प्रत्येक वेळी तो एकच बोलला.

"तुमी लिहाल ते," उमाबाई म्हणाल्या. "वडलांनी टाक खाली ठिवला. पान कोरंच ठिवलं. तवाच तो गेला म्हंतेत, पर जाताना कुणीच बघितला न्हाय."

मी हसले. हसू खोटं होतं, ते त्यांनाही कळलं.

१३ मार्च, गुरुवार

सगळं मागं घेतलं. एक्केचाळीसला पुन्हा 'एनी'. आणि लाल रेघ आली. इथं जे आहे ते आता 'काहीही' नाही, असं सांगणारी.

असं होऊच शकत नाही. 'एनी'वर रेघ येत नाही, त्याचा अर्थच तो. सात वर्षं हेच काम करतेय मी. चार वेळा केलं. चारही वेळा रेघ. सक्ती परत लावली की रेघ गायब.

भीती वाटतेय. लिहून ठेवते म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

१७ मार्च, सोमवार

होळीला सोलापूरला जाऊन आले. परत यायचं नव्हतं. पण हे कार्ड मी भरलंय, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात कसं टाकू.

एक्केचाळीस: जुळलं. समोरचं स्थळ, नंबर २१२.

जिवात जीव आला. स्थळं तर दोनशे अकराच आहेत, म्हणजे ही निव्वळ चूक. चूक असली की दुरुस्त करता येते.

संध्याकाळी चारला उमाबाई हसत आल्या. आईनं माझी माहिती आणि फोटो शनिवारीच पाठवला म्हणे, मला न सांगता. त्यांनी आज दुपारी स्वतः फॉर्म भरला. नवं कार्ड. महेश्वरी, वय २७, सोलापूर.

नंबर २१२.

१८ मार्च, मंगळवार

माझं कार्ड पुसलं जात नाही. एक्केचाळीस 'जुळलं' आहे, म्हणून समोरचं स्थळ असायलाच हवं. ही सक्ती माझीच. किती नेटकं —

अप्पांना सांगितलं. ते रडले. वेबसाइट बंद करा म्हणाले. वेबसाइट ज्या मशीनवर चालते त्याची वायर काढली तरी माझ्या फोनवर पान उघडतंय.

फोटो बदललाय. बाकावर कुणीतरी बसलंय. शर्ट आहे, हात आहेत, गुडघ्यांवर ठेवलेले. तोंडाबद्दल मी काही ठरवलं नव्हतं. तिथं काही नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपार

रंगपंचमी. अप्पा गावात. उमाबाई येतो म्हणाल्या.

बाहेर बाक वाजला. बघणार नाही.

एक उपाय आहे. 'नेव्हर' नावाचा टाइप. जे कधीच असू शकत नाही, ते. एक्केचाळीसला तो लावते. मी लिहीन तोच आहे ना तो. मग लिहितेच, कधीच नव्हता म्हणून —

लावला.

लाल रेघ नाही. एकही नाही. एक्केचाळीसचं कार्ड गेलं. फोटो, गाव, वय, सगळं गेलं. देवा. आईला फोन लावते आता, रागावणार नाही तिच्यावर —

थांब.

जे कधीच नव्हतं, त्याच्याशी जे जुळलं, तेही —

२१२ वर रेघ आली.

फोनमध्ये आईचा आवाज येतोय. कोण बोलतंय, कोण बोलतंय. मी बोलतेय. तिला ऐकू —

उमाबाई आल्या. दारात. माझ्या खुर्चीकडं बघून म्हणाल्या, ही पोरगी कुठं गेली. मी हाक मारली. दोनदा मारली. त्यांनी पंखा बंद केला. कार्ड गेलं, पण तो बाकावरच आहे. उमाबाई तिकडं वळून विचारताहेत, तुमी कुणाकडून आलाव, नाव काय लिहू. तो रजिस्टराकडं नाही, माझ्याकडं बोट —

कार्ड २१२. नाव: नाव. गाव: गा

उमाबाई, मी इथंच आहे, मी महे