पिवळा टॅग

तळवडे, ६ जानेवारी २०२५

ती. आईंना दिव्याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर बोललं की तुमच्याकडे अख्खी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. रक्ताच्या तपासणीत बाळात जन्मजात दोष असण्याचा धोका जास्त निघाला. तुमचा लेक चाकणला कंपनीत, माल तपासणाऱ्या क्वालिटी खात्यात. मापात न बसलेल्या पार्टला लाल टॅग लावायची सवय. रिपोर्ट बघून धनेशनी मनात बाळालाही लाल टॅग लावला आणि जेवण सोडलं. मीही रडले.

पिंपरीच्या दवाखान्यात बाळंतपणाचं बघणाऱ्या साधना सिस्टरनी आधी आमचंच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ही नुसती चाळणी आहे, अशा बहुतेकींची बाळं चांगली निघतात. नक्की कळायला सुईने पोटातलं पाणी काढून तपासतात, पण त्यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. करा किंवा करू नका. उत्तर कळल्यावर काय कराल, याचा आधी विचार करा. मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

माया आहे तशीच असू द्यावी.
दिव्या

निलंगा, ११ जानेवारी

चि. सौ. दिव्यास अ. उ. आ.

तुझ्या पत्राआधी आलेल्या धनेशच्या फोनवर मला सुई आणि पोट एवढंच ऐकू आलं. वाटलं, मुलगा की मुलगी बघताय. इतका राग आला की नंतर फोनच उचलला नाही. तुझ्या पत्राने जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ही काळजी.

मी सांगेन तसं करू नकोस, पोट तुझं आहे. बाळ जसं असेल तसं मला हवंय, एवढं धरून ठरव. आणि त्या शहाण्याला जेवायला घाल.

इंदुताई

तळवडे, २० फेब्रुवारी

ती. आईंना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून धनेश म्हणाले, कसंही असलं तरी आपलंच, मग सुई कशाला? माझ्याही मनात तेच होतं. सिस्टरनी वाद घातला नाही. मन बदललं तर लगेच या, एवढंच सांगितलं.

काल मोठी सोनोग्राफी झाली. हृदय, पाठ, सगळं ठीक दिसलं. खात्री यातूनही पूर्ण होत नाही, हेही सिस्टरनी सांगितलं, पण मी खूप दिवसांनी पोटभर जेवले. धनेश म्हणतात, आता पिवळा टॅग, म्हणजे होल्ड, नापास नाही पण पक्का निकालही नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये.
दिव्या

निलंगा, २६ फेब्रुवारी

चि. सौ. दिव्यास अ. उ. आ.

पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. धनेशला सांग, टॅग कंपनीत ठेवून यायचे. मी आले की बाळाला काजळाची तीट लावीन, तेवढीच खूण पुरे.

वाट बघणारी,
इंदुताई