चौथी अ ला शिकण्याच्या पाच युक्त्या

मंगळवार, २८ मे
ही डायरी मी हौसेने लिहीत नाही. हेडमास्तर इसाबिर्ये यांनी आज स्टाफ मीटिंगमध्ये हुकूम काढला की चौथीच्या दोन्ही तुकड्यांच्या इंग्रजीच्या शिक्षिकांनी रोज डायरी लिहायची. वाचणार कोणी नाही, आपल्यालाच आपले कळावे म्हणून. हे इसाबिर्ये माझ्याच हाताखाली शिकले. तेव्हाही शर्टाची बटणे खालीवर लावायचे, आजही लावतात.

तिसरीपर्यंत सगळे लुसोगात, म्हणजे घरच्या भाषेत शिकायचे आणि चौथीत एकदम इंग्रजी, तिथे मुले आपटतात. म्हणून जिल्ह्याच्या साहेबांनी एका दिवसाचे शिबिर घेऊन सांगितले की भाषा शिकवू नका, भाषा कशी शिकायची ते शिकवा. जुलैत टेस्ट. जिच्या तुकडीचे गुण जास्त, तिच्याकडे दोन्ही तुकड्यांचे इंग्रजी. दुसरीची रवानगी पहिलीच्या वर्गात, बा बे बी बो बू घोकवायला.

मी एकोणतीस वर्षे चौथी शिकवते. ब तुकडीची कागोया चोवीस वर्षांची आहे आणि मुलांच्यात जमिनीवर फतकल मारून बसते. निकाल लागल्यात जमा आहे.

बुधवार, २९ मे
चार्ट लावला. अंदाज बांधा. शेजाऱ्याला विचारा. चित्र मनात आणा. आपली चूक आपण शोधा. आज काय शिकलो ते आठवा. साहेब म्हणाले होते, वर्षभर हळूहळू रुजवा. माझ्या अडुसष्ट मुलांना अर्ध्या तासात पाठ. पाठांतर चालू असताना शेजाऱ्याशी बोलणाऱ्या चौघांना उभे केले.

शुक्रवार, ३१ मे
युक्ती पहिली. फळ्यावर ‘हार्वेस्ट’ लिहिले. मदत म्हणून वाक्यही दिले की हार्वेस्ट झाल्यावर बाबा खूश असतात. एक म्हणाला बाजार. एक म्हणाली नवा फ्रॉक. तिसरा म्हणाला बिअर. चुकीच्या अंदाजाला मैदानाला एक फेरी, असा नियम केला.

मंगळवार, ४ जून
आज एकानेही अंदाज बांधला नाही. नक्की ठाऊक असल्याशिवाय आता बोलत नाहीत. पहिली युक्ती पक्की.

सोमवार, १० जून. लापशीच्या सुट्टीत
वर्गात कुजबुज आहे. मी एक वाक्य बोलले की तिसऱ्या बाकापासून लुसोगात काहीतरी निघते आणि मागच्या भिंतीपर्यंत जाते. मग सगळे माना डोलावतात. उगम सापडला: नाइगागा. आई टॅक्सी स्टँडवर भाजलेली कणसे विकते, ही तिथे ड्रायव्हर लोकांशी चार भाषांत घासाघीस करते. विचारले, काय चालले होते. म्हणाली, मॅडम, तुम्ही काय म्हणालात ते सांगत होते. म्हटले, मी बोलते तेवढे पुरेसे आहे. तर म्हणाली, हो मॅडम, तुम्हाला पुरेसे आहे.

असली जीभ मी खपवून घेत नाही. उद्याच हेडमास्तरांशी बोलते.

बुधवार, १२ जून
नाइगागा ब तुकडीत गेली. इसाबिर्ये म्हणाले, मॅडम, हुशार मुलगी आहे, टेस्ट तोंडावर आली आहे, एकदा विचार करा. विचार करून झाला म्हटले.

गुरुवार, १३ जून
वर्ग एकदम शांत. टाचणी पडली तर ऐकू येईल. इतके लक्ष एकोणतीस वर्षांत कोणी दिले नव्हते. माना मात्र कोणी डोलावत नाही. गंभीर झाली आहेत.

मंगळवार, १८ जून
युक्ती चौथी. निबंध लिहून घेतला, म्हटले आपली चूक आपण शोधून खाली लिहा. सगळ्यांनी लिहिले: चूक नाही. फेरीचे नावसुद्धा काढावे लागले नाही. हजर एकसष्ट. भुईमूग काढणी सुरू आहे, पालकांना कळत नाही.

सोमवार, २४ जून
नाइगागाची आजी शाळेत आली. मला वाटले माफी मागायला आली. फाटकाशीच म्हणाली, मॅडम, आमची पोरगी तुमच्याकडे अर्ध्या पगाराची मास्तरीण होती, तिकडे निदान विद्यार्थीण तरी झाली. मी विचारले, कसला अर्धा पगार. म्हणाली, तेच तर, तोही नाही दिलात. शेजारी उभे राहून इसाबिर्ये खोकत होते. यांना तो खोकला शाळेत असल्यापासून आहे, हसू दाबले की येतो.

हजर बावन्न. ताप पसरला असावा.

शुक्रवार, २८ जून
ब तुकडीत जत्रा भरली आहे. मुले घोळक्याने बसून एकमेकांना लुसोगात विचारतात, हातवारे करतात, चुकली की खो खो हसतात. कागोयाही हसते. तिला म्हटले, बाई, हा वर्ग आहे की टॅक्सी स्टँड. म्हणाली, मॅडम, तुमच्याच चार्टवरची दुसरी युक्ती आहे. युक्ती पाठ करायची असते हे हिला कोणी शिकवले नाही. शिवाय तिच्या खिडक्यांना बाहेरून मुले लोंबकळतात, ती कुणाची आहेत याची चौकशी नाही. मी असते तर नावे लिहून घेतली असती.

सोमवार, १ जुलै
हजर चव्वेचाळीस. आल्यांपैकी काही तोंड धुवायला म्हणून जातात ती येत नाहीत. टेस्टपर्यंत सगळे ठीक होईल. संकल्प: रोज दोनदा चार्ट म्हणून घेणे.

सोमवार, ८ जुलै
टेस्ट झाली. सगळी हजर, म्हणजे ताप उतरला. मी खिडकीतून पाहिले, सदुसष्टही जण पेपर उघडून चार्टकडे बघत होते. पाया भक्कम आहे.

शुक्रवार, १२ जुलै
अ तुकडी, सरासरी एकतीस. ब तुकडी, सत्तावन्न.

पेपर फिकट छापला होता. पुढच्या बाकांवर ऊन येते. नाइगागाचे ब्याण्णव गुण ब तुकडीत धरले, पण तिचा पाया माझाच. हे सगळे इसाबिर्ये यांना क्रमाने सांगितले. ऐकून घेतले. मग म्हणाले, मॅडम, नाइगागाने पेपरच्या मागे लिहिले आहे की ती कशी शिकते: ऐकायचे, मग जिला कळले नाही तिला सांगायचे, सांगता सांगता आपल्याला कळते. मी म्हटले, ही युक्ती चार्टवर नाही. म्हणाले, नाही, मॅडम. आणि शर्टाची बटणे बघत उभे राहिले. म्हणाले, सोमवारी वर्ग कागोयाबाईंच्या ताब्यात द्या.

पहिलीच्या वर्गात शिस्त मुळीच नाही असे ऐकते. तिथे माझी गरज आहे.

सोमवार, १५ जुलै. सकाळी साडेनऊ
आज कागोया यांच्याकडे सुपूर्द:
हजेरीपट, एक.
कपाटाची किल्ली, एक.
खडू, अडीच डब्या.
इंग्रजीची पुस्तके एकोणीस, पैकी चार बिनपाठीची.
मुले, सदुसष्ट. न्यायला गेले तेव्हा सहासष्ट आधीच तिकडे जाऊन बसली होती. एक मागच्या बाकावर झोपलेली होती, ती उठवून दिली.