आखाजीच्या पऱ्हाट्यांतलं फुरसं

नवागाम, सुरत
आखाजीनंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव ललितराव यांस,

सासरे वाल्मिक यांचे मनापासून आशीर्वाद. कच्छच्या त्या वाळवंटात तुमची प्रकृती कशी आहे, जेवण वेळेवर मिळतं का, आणि सोलरच्या प्लेटांच्या चकाकीने डोळे लाल व्हायचे ते थांबले का, हे सविस्तर लिहिणे. इकडे तुमच्या सासूबाई धुरपदाबाई गुडघा सोडला तर ठणठणीत आहेत. सौ. नूतन आणि नात चंचल आखाजीला माहेरी आल्यापासून घर भरल्यासारखं वाटतं. मी ठीक आहे. (माझं सगळं नेहमी ठीकच असतं, हे तुम्ही जाणताच.) खिशात फोन असताना हा माणूस पत्र का लिहीत बसला, असं तुम्हाला वाटेल. पण गंभीर विषय फोनवर नीट होत नाही, आणि हा विषय गंभीर आहे. वैशाखी पौर्णिमेनंतर नूतन आणि चंचल कायमच्या तुमच्याकडे राहायला निघणार, नूतन तिथल्या मेसमध्ये कामाला लागणार, आणि तुम्ही दोघं कामावर असताना चार वर्षांच्या चंचलला सांभाळायला मीही सोबत येणार, असं ठरलं आहे. तुमच्या त्या भागात या दिवसांत फुरशांसारखे विषारी साप बाहेर निघतात. फुरशाच्या बाबतीत मला आता थोडाफार अधिकार प्राप्त झाला आहे. तो कसा, ते सांगतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्या खानदेशी घरात खापरावरचे मांडे झाले पाहिजेत, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या सासूबाईंचं म्हणणं असं की मांडे पऱ्हाट्यांच्याच जाळावर भाजायचे. गॅसवर भाजली ती नुसती पुरणाची पोळी. आता सुरतेत साडी मागाल तितकी मिळते, पण कपाशीच्या वाळक्या काड्या कोण विकणार? म्हणून मी शिंदखेड्याला भावाला निरोप धाडला आणि त्याने ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून एक भलामोठा भारा पाठवला. रिक्षावाल्याने तो बघूनच रिक्षा पळवली. शेवटी डोक्यावर भारा घेऊन मी थांब्यापासून घरापर्यंत चालत आलो. (त्या भाऱ्यात माझ्या टाळूपासून वीतभर अंतरावर कोण बसलं होतं, ते आठवलं की आजही हात टाळूवर जातो.) भारा मी मागच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि आखाजीच्या सकाळी तो सोडायला उकिडवा बसलो.

सुंभाची गाठ घट्ट होती. मी भिंतीकडे तोंड करून ती सोडवत होतो आणि माझ्या डाव्या हातापासून एका वितीवर फुरसं वेटोळं करून बसलं होतं. फुरसं लहान असतं, फार तर हातभर, रंग मातीचा, त्यामुळे काड्यांत दिसत नाही. पण चिडलं की ते अंगावर अंग घासतं आणि करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज काढतं, असं सगळे सांगतात. त्या दिवशी तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला म्हणे. बायका गोळा झाल्या. शेजारच्या प्रमिलाबाई ओरडल्या, "आप्पा, मांगे सरका! फुरसं शे तठे!" समोरच्या गच्चीवरून कविताने व्हिडिओ काढायला घेतला. आणि मी? मी हललो नाही. शांतपणे एक गाठ सोडली, तंबाखू मळली, दाढेला धरली आणि दुसऱ्या गाठीला हात घातला. मग सहज मान वळवली, तर सगळ्या गल्लीची तोंडं उघडी. त्यांच्या बोटांच्या रोखाने मी खाली पाहिलं. त्यानंतर मी मागे कसा आलो ते मला आठवत नाही, पण व्हिडिओत ते फार संथपणे आणि रुबाबात झालेलं दिसतं.

गोडादऱ्याहून अक्षय नावाचा सर्पमित्र आला. त्याने लांब चिमट्याने फुरसं बरणीत घेतलं, झाकणाला भोकं होतीच, आणि माझ्याकडे आदराने बघून म्हणाला की काका, फुरशासमोर असं स्थिर राहणं शंभरात एकाला जमत नाही. हलला असता तर डसलंच असतं. मग त्याने गल्लीला समोर बसवून जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी लक्षपूर्वक घेतलं आहे. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही. दगड, काड्या, तुमच्या त्या प्लेटांच्या खालची सावली, अशा न दिसणाऱ्या जागी हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. दिवस मावळल्यावर बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही. फुरसं दिसलं तर मारायला जायचं नाही, कारण बरेच जण मारायला जाऊनच चावून घेतात. आणि देव न करो, डसलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण काढायचे, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात. तुमच्यापासून असा दवाखाना किती लांब आहे, हे आजच विचारून ठेवा. चंचलचे पैंजण मी तिथे येण्याआधीच काढून ठेवायला सांगितले आहेत.

तेव्हापासून मी स्वतःही नियम पाळतो. परवा गच्चीवर जाताना आधी काठीने वाळवणाची चादर हलवली, तर प्रमिलाबाईंच्या अर्ध्या कुरडया खालच्या गटारात गेल्या. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात नारळ देऊन मला नमस्कार केला होता, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याही त्यांनी मलाच देऊन टाकल्या. आमच्या कापडाच्या लूम कारखान्यात मिस्त्री मला आता बसायला स्टूल देतो. नूतन तर आल्या-गेल्याला व्हिडिओ दाखवते आणि म्हणते, माझा बाप असताना चंचलची काळजी नाही. ती असं म्हणाली की मी काठी उचलून बाहेर पडतो.

तरी वरील सर्व नियम पाठ करावेत. थोरामोठ्यांस नमस्कार, तुमच्या साइटवरच्या मंडळींस माझी आठवण.

तुमचा सासरा,
वाल्मिक

ता. क. गल्लीतला योगराज उद्या ट्रक घेऊन भुजकडे निघतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि उरलेल्या कुरडया पाठवत आहे.

ता. क. दुसरा. ललितराव, मला तो आवाज आलाच नाही. फुरशाचाही नाही आणि बायकांचाही नाही. बत्तीस वर्षं खडखडणाऱ्या चार-चार लूमच्या मध्ये उभा राहिलो, त्यात कान कधी गेले ते कळलं नाही. आम्ही कारखान्यात ओठ बघून बोलतो, म्हणून घरीही निभतं. समोर तोंड दिसलं की मला सगळं कळतं. फोनला तोंड नाही. जायचं ठरलं त्या रविवारी तुम्ही फोनवर बराच वेळ बोललात, मी तीनदा हो म्हणालो, आणि नंतर नूतन हसत समोर येऊन बसली तेव्हा कळलं की चंचलला सांभाळायला यायचं मी कबूल केलं आहे. फुरसं डसायच्या आधी सांगतं, तेवढी एक भलाई त्याच्यात आहे, आणि नेमकी तीच माझ्या उपयोगाची नाही. मला फार भीती वाटते.

ता. क. तिसरा. म्हणून विनंती अशी की चंचलला माझ्यावर सोडू नका. कोणी कानाने धड असलेलं माणूस बघा. तिकडे जागा अपुरी आहे असं काहीतरी कारण नूतनला कळवा. खरं कारण मात्र सांगू नका. तिच्या बापाने फुरशाला दाद दिली नाही, असं तिला वाटतं. तेवढं राहू द्या.

अहो, खालचं मी लिहितेय, नूतन. पाकीट चिकटवायला आप्पांनी माझ्याकडेच दिलं. त्यांना ऐकू येत नाही हे मला सातवीपासून माहीत आहे, म्हणून तर मी कधी त्यांच्या पाठीमागून बोलत नाही. त्या व्हिडिओत सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मीच आहे. त्यांना तसं परत हाका मारायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मला पाहिजे. तुम्ही फोनवर त्यांना लूम सोडा आणि आमच्याकडे येऊन राहा म्हणालात, पण जावयाच्या घरी ते तसे आले नसते, म्हणून चंचलला सांभाळायचं मी जोडून दिलं. आईही येतेय, हे आप्पांना अजून सांगितलेलं नाही; चंचलकडे तीच बघणार आहे. आप्पांकडेही. तेव्हा जागा भरपूर आहे असंच लिहा. आणि उत्तर पत्रानेच पाठवा, फोन केलात तर ते परत हो म्हणतील.