मधवाल्याचा चष्मा

१२ मे

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याची मामाची चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरने आणून दिली. फोनचा टॉवर जळाला ते एका परीने बरंच झालं. यातलं काही फोनवर बोलायचं नाही, असं आईने बजावलंच आहे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. घर जागच्या जागी आहे. ऐन वेळी वारा फिरला म्हणून आपली गल्ली वाचली. वरची वस्ती मात्र आगीत गेली. खिडक्यांच्या काचा वितळून मेणबत्तीसारख्या ओघळल्यात. काचेत आयुष्य गेलं माझं, पण काच अशी झालेली कधी पाहिली नव्हती. आई सकाळी गॅलरी पुसते, दुपारी पुन्हा पुसते, आणि संध्याकाळी बोट फिरवलं की बोट काळं.

शाळेच्या हॉलमध्ये मदत केंद्र उघडलंय. माझं चष्म्याचं दुकान बंदच आहे, म्हणून मी स्वयंसेवकांत नाव दिलं. आधी कपडे निवडायला बसवलं. लोक काय काय पाठवतात म्हणून सांगू! घर जळलेल्या माणसाला एकाने लग्नातला कोट पाठवलाय. एकीने बूट पाठवलेत, चांगले कातडी, पण दोन्ही डाव्या पायाचे. आम्ही बायका हसून हसून बेजार झालो आणि मग एकदम सगळ्या गप्प झालो, कारण ते बूट घालून बघायला एक आजोबा रांगेत उभेच होते.

मग लक्षात आलं की निम्म्या लोकांना समोरचं दिसतच नाहीये. पळताना माणूस पोरं उचलतो, कपाटातले कागद उचलतो, चष्मा उशाशीच राहतो. मी दुकानातून तपासणीची पेटी आणि भिंगं घासायचं मशीन आणलं, कोपऱ्यात टेबल मांडलं. लोकांनी जुन्या फ्रेमी दिल्यात, त्यांत भिंगं बसवून देते. आता मला सगळे ‘चष्मेवाली ताई’ म्हणतात.

बेकरीवाला रोज सकाळी पावाचे क्रेट घेऊन येतो. तोच तो, आपल्याला लहानपणी मोडकी बिस्किटं द्यायचा. त्याची आई वरच्या वस्तीत होती, अंथरुणाला खिळलेली. तो भट्टीवर होता. वर जायला निघाला तर रस्ता बंद. तरी माणूस रोज पाव वाटतो, आणि मऊ आहे ना, मऊ आहे ना, असं प्रत्येकाला विचारतो.

हाताचं कसं आहे? मलम दोन वेळा लाव, फोड फोडू नकोस. मामीने विचारलं तर गरम पाणी सांडलं, हेच सांगायचं. भुवया नीट येईपर्यंत फारसा बाहेर हिंडू नकोस. तुझा तो शर्ट आईने कापून टाकला, बटणं तेवढी काढून ठेवली.

तुझी चौकशी कोणी केलेली नाही.

तुझी,
ताई


२४ मे

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मामाच्या ओळखीने काम मिळतंय हे वाचून आईला हुशारी आली. दोन घास जास्त जेवली.

इकडची बातमी अशी की केंद्रात मारामारी झाली. मारामारी तरी कशाची म्हणायची, एकच जण मार खात होता.

टेकडीच्या पलीकडे मधाच्या पेट्या ठेवणारा तो माणूस तुला आठवतो का? मोसमापुरता येतो, तंबूत राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याही पेट्या जळाल्या. माझ्या टेबलाशी आला तेव्हा डोळे बारीक करून मला शोधत होता, मी समोरच बसलेली! लांबचे नुसते रंग आणि आकार दिसत होते त्याला. चष्मा आगीच्या आदल्याच दिवशी पायाखाली येऊन फुटला, म्हणाला. मी नंबर काढत होते आणि तो बोलत होता. एकटा राहणारा माणूस, एकदा बोलायला लागला की थांबेना.

“ताई, मी पाहिलं हो त्याला.”

“कुणाला?”

“आग लावली त्याला. जंगलाच्या कडेला निळी गाडी उभी होती. मागचं दार उघडून काहीतरी ओतलं, पोतीच्या पोती. मग धूर. चेहरा कुठला दिसतोय? पण चाल पाहिली. डावा खांदा पाडून चालत होता. आता चष्मा आला की बाजारात उभा राहतो. चालताना दिसला की धरलाच.”

मी भिंग बदललं आणि खालची ओळ वाचायला सांगितली. त्याने वाचली, एकही अक्षर न चुकता.

चष्मा दुसऱ्या दिवशी दिला. घालून तो हॉलभर फिरला, भिंतीवरचे शाळेचे जुने तक्ते मोठ्याने वाचत. पोरं हसत होती.

तेवढ्यात बेकरीवाला आणि वरच्या वस्तीतले चार-पाच जण पावाच्या टेबलाशी बोलत होते, आग कशी लागली असेल म्हणून. कुणीतरी म्हणालं, मधाच्या पेट्या उघडताना धूर करतात ना? बास. एवढंच. मग एकाला आठवलं की त्याने मधवाल्याला धुराचा डबा घेऊन जाताना पाहिलं होतं. दुसऱ्याला आठवलं की तो तंबूबाहेर शेकोटी करतो. बेकरीवाल्याने हातातला क्रेट खाली ठेवला. नीट ठेवला, पाव सांडू दिले नाहीत. आणि मधवाल्याकडे चालत गेला.

पहिला फटका त्याचा. मधवाला म्हणत होता, “अहो, गाडी होती, निळी गाडी, ताईंना विचारा.” पण तोवर सगळे तुटून पडले होते. मला कुणी विचारलं नाही.

चष्मा फुटून काच डोळ्यात गेली. भिंग मीच घासलं होतं.

छोट्या, तुला एक विचारते. तुमच्या फर्निचरच्या कारखान्याचा भुसा आणि पॉलिशच्या चिंध्या कचरा डेपोवर न्यायच्या असतात. डेपो काय फार लांब होता का? तिथेच पेटवायच्या, त्या वाऱ्यात? तुझ्या मालकाने गाडी रंगवायला टाकली आहे. पांढरी होणार म्हणे.

आई म्हणते, झालं गेलं, तू आता तोंड मिटून चष्मे कर.

जपून राहा.

ताई


९ जून

छोट्या,

मागच्या पत्रात लिहिलं की ‘कुणीतरी’ म्हणालं. ते कुणीतरी मी होते. चहाचा कप हातात होता, अगदी सहज बोलावं तसं बोलले. मारा असं म्हणाले नाही. पण मारतील हे मला कळत नव्हतं असंही नाही. तो बाजारात उभा राहणार, आणि तू कधीतरी डावा खांदा पाडून समोरून येणार, एवढंच डोक्यात होतं. त्याला मारत होते तेव्हा मी टेबलावरच्या फ्रेमी सरळ करत होते.

पुढचंही ऐक. परवा हॉस्पिटलमध्ये गेले. त्याचा एक डोळा काढला. दुसऱ्यावर पट्टी आहे, दिसेल न दिसेल डॉक्टर सांगत नाहीत. पोलीस दाराशी बसलेला, कारण आगीचा आळ त्याच्यावरच घातला आहे. मी काही न बोलता स्टूल ओढलं, तर म्हणाला, “चष्मेवाली ताई का?”

“कसं ओळखलंत?”

“तुमच्या हाताला त्या भिंगाच्या पावडरीचा वास येतो. बरं झालं आलात. नंबर अगदी बरोबर होता हो. इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मला मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसली.”

मग म्हणाला, “तुम्हाला गाडीचं सांगितलं होतं, आठवतंय ना? माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही इथल्या. तुम्ही तेवढं पोलिसांना सांगाल?”

मी सांगते म्हणाले. तो माझा हात धरून आभार मानत बसला. मला सोडवून घेता येईना.

आणि सांगितलं मात्र नाही. घरी आले, भाजी चिरली, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केंद्रात जाऊन चष्मे केले. तुला वाटेल मला झोप लागली नसेल. लागली, चांगली लागली.

काल तुझं पत्र आलं. आईने मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. “ताई, एकदाचं मिटलं. मधवाल्याच्या गळ्यात पडलंय ते पडू दे, त्याला ना घर ना दार, त्याचं काय जातंय. माझे नवे बूट पाठव, इथे चिखल आहे.” आई हसली. खरंच हसली, म्हणाली, पोरगं सावरलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘त्याचं काय जातंय.’ तुला डोळ्याचं मी लिहिलं होतं, छोट्या. तू ते वाचून बूट मागितलेस.

मी तुझ्यापेक्षा चांगली नाही, हे मला माहीत आहे. तू धसमुसळेपणाने आग लावलीस आणि घाबरून पळालास. मी शुद्धीवर असताना एक माणूस पुढे ढकलला. पण तुझं पत्र वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला आणि त्या आवाजाची किळस आली. म्हणून चपला घातल्या. आई दारात आडवी झाली.

“एका परक्याच्या डोळ्यापायी पाठचा भाऊ देणार?”

“हो.”

“मग मला एकच मूल आहे असं समजेन. आणि ते तू नव्हेस.”

मी तिला हाताला धरून बाजूला केलं. हलकी झाली आहे फार.

पोलीस स्टेशनात सगळं सांगितलं. गाडी, चिंध्या, तुझा भाजलेला हात, आईने कापलेला शर्ट, मामाचा पत्ता. मी काय बोलले होते तेही सांगितलं. इन्स्पेक्टरने माझं तेवढं वाक्य लिहून घेतलंच नाही. म्हणाला, “बाई, नुसत्या एका वाक्यावर मी कोणतं कलम लावू?” मला वाटलं होतं सुटका होईल, ती त्याने दिली नाही.

तिथून बेकरीत गेले. तो भट्टीसमोर होता. त्याला सांगितलं, आग माझ्या भावाने लावली आणि तुमच्या डोक्यात ते मी भरवलं. मला वाटलं, फावडं उचलेल. उचललं असतं तर बरं झालं असतं. बराच वेळ तो हाताला लागलेलं पीठ चोळत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी कुणाला मारलं?” आणि पुन्हा तेच, “कुणाला मारलं मी?” मी निघाले. पाठीमागे पाव करपल्याचा वास येत होता. त्याच्या बेकरीत तो वास मी पहिल्यांदा घेतला.

आज सकाळी माझे कपडे आईने पिशवीत भरून जिन्यात ठेवले. मी केंद्रातच राहते आहे, घर जळलेल्या बायकांच्या रांगेतल्या एका कॉटवर. त्यांना अजून ठाऊक नाही. शेजारची मला उशी देते. उद्या-परवा कळेल, मग देणार नाही.

मधवाल्याच्या दारावरचा पोलीस उठवला. मी अजून आत गेले नाही. पट्टी सुटायच्या आधी जायचं की नंतर, तेवढं ठरत नाहीये. आधी गेले तर त्याला माझं तोंड बघावं लागणार नाही. नंतर गेले तर मला त्याचं बघावं लागेल.

तू लहान असताना आई कामावर जायची आणि तुला मी भरवायचे. हे मुद्दाम लिहिते आहे. उद्या तू कोर्टात म्हणशील की ताईचं माझ्यावर प्रेम नव्हतं. होतं. त्यानेच एका माणसाचा डोळा गेला.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. ज्याच्या हातून तू ते घेतलंस तो माणूस अजून दारातच उभा आहे. मीच त्याला विनवलं, की वाचून होईपर्यंत थांबा. तेवढी त्याने माझी रदबदली मानली. मागच्या दाराशी दुसरा आहे.

आता वाचून झालं. मामीला काही समजावत बसू नकोस. बूट घाल आणि त्याच्याबरोबर चल.

तुला पोलिसांच्या हाती देणारी,
तुझीच ताई