भिंत पडली ती बातमी

चाची,

आज शुक्रवार. तुमच्या वेळी शुक्रवारी शेडमधले लूम, कापड विणायचे माग, बंद असायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आज जर्मनी जवळ आली." बाकीचे सहा दिवस शेडची खटखट तुमच्या स्वयंपाकघरात घुसायची. तुम्ही खिडकी लावून, ओढणी डोक्यावरून घेऊन, रेडिओला गाल चिकटवून तुमच्या देशाच्या बातम्या ऐकायचात. चाचा लूमचं शिकायला तिकडे गेले होते, येताना तुम्हाला घेऊन आले. ते वारल्यावर शेड दिरांची झाली, तुम्हाला मागची खोली आणि चूल राहिली. दीर-जावा ईदेपुरतं बोलायचे. रेडिओ रोज बोलायचा.

माझा बाप त्याच शेडमध्ये जॉबर, बिघडलेले लूम लावून देणारा. मी शाळा सुटल्यावर तुमच्याकडे भांडी घासायला यायची आणि घासून झाली की तुम्ही मला गणितं घालायचात. कोबी मिठात आंबवून तुम्ही बरणीत ठेवायचात. मी नाक धरून म्हटलं होतं, "चाची, हा सडला." तुम्ही म्हणालात, "सडला नाय. घरी पोचला."

मग मला दिघाशी गावचं स्थळ आलं. दहावी झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं मी बापाला तोंडावर सांगितलं. त्याने लूमचा चामड्याचा पट्टा काढला. पाठीवर मारला, मांड्यांवर मारला, मी कोपऱ्यात शिरले तर केस धरून बाहेर ओढलं. "कोन शिकवतं तुला ह्ये? ती जर्मनवाली?" पट्टा थांबावा म्हणून मी वाटेल ते बोलले. म्हटलं, "ती रेडिओवरून परदेशात बोलते. शेडमधलं सगळं तिकडं सांगते."

पट्टा थांबला. तो तसाच तुमच्याकडे आला, मी मागे धावत. वाटेत शेडमधून त्याने धोटा उचलला, मागात सूत नेणारा, टोकाला लोखंड असलेला, लाकडी. तुम्ही पोळपाटाशी होतात. "सांग, कुनाला सांगतेस?" म्हणत त्याने पहिला घाव रेडिओवर घातला. दुसऱ्या घावाला तुम्ही हात मध्ये घातलात. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, चाची. लूमच्या खटखटीत ऐकला. पिठावर रक्त सांडलं. तो मारतच राहिला, रेडिओचे सेल घरंगळत माझ्या पायाशी आले तरी. शेवटी कामगारांनी त्याला मागून धरला. दिरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाट पडला हातावर." बापाची ड्युटी वाचली, आणि त्या बदल्यात दहावीपर्यंत माझं लग्न थांबलं. मला मात्र तुम्ही जवळ बसवून म्हणालात, "मला माहीत आहे ते कोण बोललं. पट्टा खाताना मी पण बोलले असते." आणि मग, "आता तूच माझा रेडिओ."

तुम्हाला देवनागरी वाचता येत नव्हती. मी शेडच्या ऑफिसातला आदल्या दिवशीचा पेपर आणायची आणि तुमच्या देशाचं काही असलं तर वाचून दाखवायची. फार काही नसायचं. तुम्ही मोडक्या हाताला फडकं गुंडाळून ऐकत बसायचात. थोरल्या बहिणीचं सांगायचात. ती भिंतीच्या पलीकडे राहते, वीस वर्षं भेट नाही, तिची छाती खराब आहे.

आणि एके दिवशी पेपरात आलं, बर्लिनची भिंत पडली. फोटोत माणसं हातोडे घेऊन भिंतीवर चढलेली, खाली ही गर्दी. आपल्या भिवंडीत भिंत पडली म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्याच वर्षी मागच्या गल्लीतली शेड बसली तेव्हा लोक असेच हातोडे-पहारी घेऊन ढिगाऱ्यावर चढले होते आणि खालून चार कामगार काढले होते, एकाचं तोंड ओळखू येत नव्हतं. मला वाटलं, पलीकडे राहणारी तुमची बहीण चिरडली. मी तो पेपर फ्रॉकमध्ये लपवून घरी नेला, देवघरात मूर्तीखालच्या वस्त्राखाली ठेवला आणि गणपतीसमोर नाक घासलं. तुम्हाला म्हटलं, आज काही नाही.

दीड महिन्याने बहिणीचं पत्र आलं, तुम्ही मला अर्थ सांगत गेलात. भिंत उघडली, मी आता कुठेही जाऊ शकते, तू गप्प का, लवकर ये, मला श्वास पुरत नाही. तुम्ही हसत होतात आणि रडत होतात. पासपोर्टचे कागद शोधेपर्यंत बहीण गेल्याची तार आली. ती वाचून तुम्ही कोबीची बरणी दोन्ही हातांनी उचललीत, त्या वाकड्या बोटांनी, आणि भिंतीवर फोडलीत. मग पोळपाट, मग काचेचे ग्लास, मग कपाळ. कपाळ तीनदा आपटलंत. मी मध्ये पडले तर मला असं ढकललंत की चुलीचा कोपरा माझ्या भुवईत शिरला. खूण अजून आहे. लोक विचारतात तर सांगते, लहानपणी पडले.

मार्चमध्ये मी दहावीला बसले. परीक्षेच्या सगळ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकावर उभ्या होतात, बाप आला तर म्हणून. मी पास झाले त्याच वर्षी तुम्ही त्या मागच्या खोलीतच वारलात.

आता ती शेड नाही. लूम भंगारात गेले. माझा मुलगा मानकोलीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. त्याने मोबाइलवर तुमच्या देशाच्या बातम्या लावून दिल्या. "आई, तुला त्यातलं काय कळतं गं?" म्हणतो. कळत नाही. दिवाबत्ती झाली की शुक्रवारी लावते. घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर, मुलगा अर्थ सांगेल तेवढं, तुमच्यासाठी एकेक ओळ लिहून ठेवते. तिकडे निवडणूक झाली. नदीला पूर आला. हे पत्रही त्याच पानांवर आहे, ते पाठवायचं कुठे?

पेपरचं तुम्हाला कधी कळलं नाही. बहीण मेली असं वाटून लपवला, असं मी वर लिहिलंय. ते पहिल्या दोन दिवसांपुरतं खरं आहे. तिसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठा फोटो होता, दोन म्हाताऱ्या बायका गळ्यात गळे घालून. खाली लिहिलं होतं, कोणी मेलं नाही, ताटातूट झालेली माणसं भेटतायत. मी दोनदा वाचलं. मला नीट कळलं. तोही मी वस्त्राखाली ठेवला. तुम्ही बहिणीकडे निघून गेल्या असतात, चाची, आणि परीक्षेला चार महिने होते.