चुकीच्या खणातलं कार्ड

प्रिय धाकटे,

तुझं पत्र काल मिळालं. दिवस गेल्याचं चार ओळींत, आणि सोमवारी दवाखान्यात जाऊन ते पाडून मोकळी होणार हे एकाच ओळीत! तिसरा महिना, नवरा आनंदाने वेडा झालाय, आणि तू लिहितेस की आपल्या रक्तातच आहे ताई, माझ्यासारखा हात घेऊन आणखी कुणी यायला नको. सोमवारच्या आत हे पत्र पुरं वाच. मधेच राग येईल. फाडायचं असेल तर शेवट वाचून फाड.

आधी एक कबूल करते. मी जन्मभर तुझ्यावर जळत आले. तू झालीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुझ्या डाव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरापाशीच संपलेली, मनगटावर दोरा करकचून आवळल्यासारखा वळ. त्या दिवसापासून आई तुझी झाली. तुझ्या फ्रॉकला ती बटणांऐवजी मोठाले हूक लावायची, बाबा तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायला गुडघ्यावर बसायचे. आणि मला काय? तुला दहा बोटं आहेत ना धडधाकट, मग घास भांडी! माझ्याकडे कुणी बघतंय का म्हणून एकदा कंपासचं टोक बोटात खुपसून घेतलं होतं मी. आईने धसमुसळी म्हणून वर धपाटा घातला. शाळेत अक्षर माझं मोत्यासारखं, बक्षीस मात्र तुला. अगं, तू लिहायचीस उजव्या हाताने, आणि तुझा उजवा हात ठणठणीत होता! हे परीक्षकबाईंना सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. टाळ्या वाजवल्या शेवटी, करते काय.

माझ्या नोकरीला तू हसतेस, खणवाली बाई म्हणतेस. पण ते खण आज तुला समजून घ्यावे लागतील. आमच्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात दोष घेऊन जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं एक कार्ड असतं. पहिल्या खणात मुळात घडणच चुकलेली बाळं, त्यातलं काही रक्तातून पुढे जाऊ शकतं. दुसऱ्या खणात नीट घडत असताना बाहेरून काहीतरी आड आल्यामुळे बिघडलेली. पोटातल्या बाळाभोवती जी पिशवी असते, तिचं आतलं अस्तर कधीकधी फाटतं. त्याचे धागे बोटांना, पायांना गुंडाळले जातात, आवळतात, आणि पुढचा भाग वाढत नाही किंवा तुटूनच जातो. काही बाळांचं पोट किंवा चेहराही नीट मिटलेला नसतो. त्यांना कुठल्या खणात घालायचं यावरून आमचे डॉक्टर बैठकीत अजून हमरीतुमरीवर येतात. पण नुसत्या हाताला धागा गुंडाळलेला सापडला तर कुणी वाद घालत नाही, कार्ड दुसऱ्या खणात जातं. तसलं व्यंग सहसा ना आईबापांकडून आलेलं असतं, ना मुलांकडे जातं.

सहा वर्षांपूर्वी तू नवऱ्याला घेऊन हेच विचारायला आमच्याकडे आली होतीस. आपल्या दोघींचा जन्म इथलाच, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांनी तुझं कार्ड मागवलं. पहिला खण. पुढे जाऊ शकतं, असं ते म्हणाले. तू जिन्याखालच्या माझ्या खोलीत येऊन ढसाढसा रडलीस. माझं तिसरं मूल पोटातच जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आता आपण दोघी सारख्या गं ताई, असं म्हणालीस तू. मी तुझी पाठ थोपटत राहिले.

ते कार्ड मीच काढून दिलं होतं. लिहिलंही मीच होतं. बाळंतपणाच्या जुन्या वह्यांवरून कार्डं उतरवताना मी तुझ्या पानाची एकच बाजू पाहिली, बोटं कमी एवढंच वाचलं आणि पहिल्या खणात टाकलं. ती चूक होती, शपथ घेऊन सांगते. पण तुम्ही येणार हे कळल्यावर मी वही पुन्हा काढली. पानामागे नर्सने लिहिलं होतं की मधल्या बोटाला पातळ पडद्याचा धागा अजून गुंडाळलेला होता, कात्रीने सोडवला. मी वही मिटली आणि कार्ड होतं तिथेच राहू दिलं. मला मिळत नाही ते एकदा तरी हिलाही मिळू नये, एवढंच तेव्हा मनात आलं. आज सकाळी ते पान घेऊन मी नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं लेखी दिलं. नोकरीचं व्हायचं ते होईल. त्या म्हणाल्या, तपासण्या सगळ्यांच्या करतो तशा करू, पण हाताच्या भीतीने हे मूल नाकारायचं कारण नाही. शनिवारी दहा वाजता त्या तुझी वाट बघतील. मला भेटू नकोस, थेट वर जा. ते बाळ तुझ्या पोटात आहे, माझ्या नाही, म्हणून हे लिहितानासुद्धा माझा जळफळाट होतोय गं. तरी जा.

तुझीच,
ताई