बाबांच्या खाटेखालचा मासा

बीर रुम्मान, ४ मे १९८७

चि. सौ. वसीला हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपल्या घरावर घोर अन्याय झाला आहे. स्वयंपाकघरातली चाळण शासकीय कार्यार्थ गेली. ट्युनिसहून उत्खननाला आलेल्या दुर्राबाई तिच्यातून माती चाळतात आणि आम्ही आठवडाभर न चाळलेल्या रव्याचा, गुठळ्यांचा कुस्कुस भक्षण करीत आहोत.

जैतुनांच्या बागेत हौद खणताना कुणा रोमन जमीनदाराच्या हवेलीची फरशी लागली, हे तुला कळवलेच होते. तिच्यावर रंगीत खडे जडवून केलेले मासे आहेत. शेजारी मोजायला येतात. प्रत्येकाचा आकडा निराळा. आई गेल्यापासून दोन वर्षे बाबा खाट सोडत नव्हते, ते आता पहाटे उठून माशांना बादलीभर पाण्याने आंघोळ घालतात. ओले झाले की रंग खुलतो, येणाऱ्याजाणाऱ्याला बरे दिसते. दुर्राबाईंनी विनवले की हाजी, असे केल्याने खडे सुटतील. बाबा म्हणाले, पोरी, दीड हजार वर्षे टिकलेत, माझ्या बादलीला काय भितात!

लोभ आहेच, तो वाढावा असे वाटत असेल तर एक चाळण धाड.

तुझा, तैजानी

स्फॅक्स, ११ मे १९८७

ती. दादास सा. न. वि. वि.

चाळण बसवाल्याबरोबर धाडली आहे. ही तरी लपवून ठेव. तुझे निम्मे पत्र चाळणीत जाते आणि कामाचे काहीच हाती लागत नाही. बाबा दिवसभर उन्हात उभे असतात, असे आत्याने कळवले. ब्याऐंशीव्या वर्षी? आणि फरशी घराखाली शिरली म्हणे. सरकार घर घेणार का? बाबांनी जायचे कुठे? सरळ उत्तर दे, वर्गात देतोस तसे नको.

रागावले असले तरी तुझीच, वसीला

बीर रुम्मान, १८ मे १९८७

चि. सौ. वसीलास आशीर्वाद.

सरळ उत्तर: घर कुणीच घेत नाही, आणि अडचण तीच आहे.

बाबा ठणठणीत आहेत. दोन रोट्या खातात, वर मला आळशी म्हणतात. फरशी त्यांच्या खोलीखाली गेल्याचे कळताच त्यांनी खाट, पेटी, आईचा आरसा सगळे अंगणात काढले आणि दुर्राबाईंना निरोप दिला, की खोली मोकळी आहे, खुशाल खणा. सर्वांत मोठा मासा माझ्याच खाटेखाली आहे, असे गावभर सांगत फिरतात.

शुक्रवारी दुर्राबाईंनी मला बाजूला घेतले. राहत्या घराखाली खणायला परवानगी नाही. पुढल्या गुरुवारी फरशीवर वाळू पसरतील (ती जपण्याची रीतच तशी) आणि मंडळी ट्युनिसला परततील. पुन्हा कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. हाजींना तुम्हीच सांगा, म्हणाल्या. मला धीर होत नाही.

पंचवीस वर्षे मी पोरांना वक्तृत्व शिकवले. तीन दिवस बाबांसमोर चहा घेऊन बसतो आणि हवापाण्याचे बोलून उठतो. ते विचारतात, कुदळी कधी आणणार? मी म्हणतो, विचारून सांगतो.

वसीला, हे ऐकून ते पुन्हा खाट धरतील आणि या खेपेस उठणार नाहीत, याची मला भीती वाटते. माझ्याने सांगवत नाही. गुरुवारच्या आत ये.

तैजानी